आगमनकाळाची तयारी: आधी काय, मग काय

डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी उपासना संपली, चहाचे कप हातात आले, की कोणीतरी हमखास म्हणतं, "यंदाही ॲडव्हेंट कसा आला न् कसा गेला कळलंच नाही हो." चौकशी करावी तर घरात चांदणी टांगून झालेली असते, करंजीचं सारण डब्यात असतं, मुलांचे कपडे शिंप्याकडे गेलेले असतात. हे सगळं नाताळचं. आगमनकाळाचं, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या या ॲडव्हेंटचं, काहीच झालेलं नसतं, कारण ते १ डिसेंबरला सुरू करू म्हणून ठेवलेलं असतं आणि तोवर पहिला रविवार बहुधा होऊनही गेलेला असतो.

मी पाळक नाही. आमच्या ल्यूथरन मंडळीत वेदीची कापडं, मेणबत्त्या आणि वाचकांची यादी माझ्याकडे असते. त्यामुळे चुका कुठे होतात ते जवळून दिसतं, आणि त्यातल्या बऱ्याच मी स्वतः केल्या आहेत. खालचा क्रम त्यातूनच बसवला आहे. क्रम मोडू नका. निम्म्या चुका क्रम उलटा केल्यानेच होतात.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करते. ज्याच्या नावावरून आम्ही ल्यूथरन, तो सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या शुभवर्तमानावर (बायबलातल्या येशूच्या चरित्रातल्या उताऱ्यावर) लिहिताना सांगतो की तुम्ही ख्रिस्ताला शोधत नाही, तोच तुम्हाला शोधत येतो. राजा येतोय, तो आपल्या तयारीच्या जोरावर येत नाही. म्हणून खाली जे करायला सांगितलं आहे त्यातून पुण्य साठत नाही आणि कोणी जास्त लायकही ठरत नाही. पाहुणा येणार म्हटल्यावर आपण दारातल्या चपला बाजूला करतो ना, तेवढंच हे काम आहे.

## टप्पा १: तारीख काढा (नोव्हेंबरचा पहिला आठवडा)

२५ डिसेंबरच्या आधीचे चार रविवार मागे मोजा. २५ तारखेलाच रविवार असेल तर तो धरू नका. चौथा जो येईल तो आगमनकाळाचा पहिला रविवार. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या बाहेर कधीच जात नाही. पडताळा हवा असेल तर ३० नोव्हेंबर हा प्रेषित अंद्रियाचा दिवस, त्याला सगळ्यात जवळचा रविवार पाहा. तोच येईल.

२०२६ साली तो २९ नोव्हेंबरला आहे, २०२७ साली २८ नोव्हेंबरला आणि २०२८ साली थेट ३ डिसेंबरला. म्हणजे आगमनकाळ कधी २८ दिवसांचा असतो, कधी जेमतेम २२. २०२८ मध्ये चौथा रविवार २४ डिसेंबरलाच येतो. सकाळी आगमनकाळ, संध्याकाळी नाताळची पूर्वसंध्या. अशा वर्षी चौथ्या आठवड्यासाठी ठेवलेलं कुठलंच काम होत नाही. ते तिसऱ्या आठवड्यात ओढून घ्या.

आता भिंतीवरच्या कालनिर्णयवर चारही रविवारांभोवती गोल करा. मग त्याच पानांवर बाकीचं भरा: लग्नसराईतली आमंत्रणं, ऑफिसची वर्षअखेर, हिंजवडी-खराडीवाल्यांच्या रात्रपाळ्या, मुलांच्या शाळेचं गॅदरिंग. डिसेंबरच्या सुरुवातीला रविवारी मॅरेथॉन असली की सकाळी रस्ते बंद असतात, तेही बघून ठेवा. गोल केलेल्या चार सकाळी आणि आठवड्यातली एक संध्याकाळ (आमच्याकडे बुधवार, तुमच्याकडे मंडळी ठरवेल ती) आधी राखून ठेवा आणि उरलेल्या जागेत लग्नं बसवा. लग्नाला रिसेप्शनलाही जाता येतं.

जपून: दुकानात मिळणारं चॉकलेटचं खिडक्यांचं कॅलेंडर १ डिसेंबरला सुरू होतं. मुलांना जरूर द्या, पण त्यावरून आगमनकाळ मोजू नका.

## टप्पा २: वाचनं हातात घ्या (पहिल्या रविवारच्या दोन आठवडे आधी)

पाळकसाहेबांना एकच प्रश्न विचारा: "यंदा उपासनेत आपण वाचनांची कुठली मालिका वाचतोय?" ल्यूथरन मंडळ्यांत दोन पद्धती चालतात. जुन्या एकवर्षी मालिकेत तीच वाचनं दर वर्षी येतात. तीन वर्षांच्या मालिकेत दर वर्षी एक शुभवर्तमान पुढे असतं: २०२६ च्या आगमनकाळापासून मार्क, २०२७ पासून लूक, २०२८ पासून मत्तय. हे न विचारता घरी काहीतरी वेगळंच वाचत बसलात, तर रविवारचा उपदेश आणि घरची प्रार्थना यांचा चार आठवडे मेळ बसत नाही.

जुन्या मालिकेतली शुभवर्तमानाची वाचनं अशी आहेत. पहिला रविवार, मत्तय २१:१-९, येशू गाढवावर बसून यरुशलेमेत येतो. दुसरा, लूक २१:२५-३६, सूर्यचंद्रातली चिन्हं आणि जागे राहण्याची सूचना. तिसरा, मत्तय ११:२-१०, तुरुंगातून बाप्तिस्मा करणारा योहान विचारतो, येणारा तो तूच का? चौथा, योहान १:१९-२८, योहानाची साक्ष.

यात गोठा कुठे आहे? कुठेच नाही. मरीयासुद्धा नाही. तीन वर्षांच्या मालिकेतही पहिला रविवार प्रभूच्या पुन्हा येण्याचा असतो, दुसरा-तिसरा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा, आणि मरीया किंवा योसेफ शेवटच्या रविवारी येतात. सर्रास होणारी चूक हीच: पहिल्याच दिवशी लूक २ उघडायचं, मेंढपाळ आणि गोठा वाचून टाकायचा, आणि मग तीन आठवडे वाचायला काही उरत नाही. लूक २ ला २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत हात लावू नका.

एका कागदावर चार रविवारांची वाचनं लिहा आणि फ्रिजवर लावा. रविवारचं वाचन त्याच्या आधीच्या सोमवारपासून घरात सुरू करा. सहा दिवस तोच उतारा. कंटाळा येईल. बुधवारी येतो, गुरुवारी जातो.

जपून: व्हॉट्सॲपवर रोज सकाळी तीन-चार ठिकाणांहून मनने येतात. फार तर एक ठेवा, बाकीचे ग्रुप महिनाभर म्यूट करा. एका वर्षी मी सगळी वाचत होते. वाचून झालं की अंगठा दाखवायचे. महिनाअखेर एकही वचन आठवत नव्हतं.

## टप्पा ३: घरातली जागा आणि रीथ (आधीचा शनिवार)

जागा अशी शोधा की जिथे सगळे आपसूक बसतात. दोन खोल्यांच्या घरात ती बहुतेक जेवणाची जागा असते. वेगळा कोपरा सजवला की तो पाहुण्यांना दाखवायचा होतो आणि तिथे कोणी बसत नाही.

रीथ म्हणजे हिरव्या पानांचं कडं, त्यात चार रविवारांच्या चार मेणबत्त्या. त्यासाठी परदेशी फरच्या फांद्या लागत नाहीत. वेताची किंवा जाड तारेची चुंबळ करा. मोरपंखीच्या डहाळ्या मार्केट यार्डातल्या फुलबाजारात किंवा जवळच्या नर्सरीत मिळतात, सोसायटीत अशोक असेल तर त्याची पानंही चालतात. परातीत दोन बोटं वाळू घाला, तिच्यात मेणबत्त्या रोवा, भोवती चुंबळ ठेवा. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, चारही निळ्या, किंवा चारही पांढऱ्या. ल्यूथरन मंडळ्यांत हे सगळं दिसतं. काहीच नसेल तर दिवाळीच्या चार पणत्या माळ्यावरून काढा. मला स्वतःला पणत्याच आवडतात. मध्ये एक पांढरी मेणबत्ती ठेवा, ती ख्रिस्तजयंतीची.

१८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न या ल्यूथरन धर्मपंडिताने अनाथ आणि गरीब मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, त्या "नाताळ कधी?" या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून. रविवारला मोठ्या, मधल्या दिवसांना लहान. सांगायचं कारण इतकंच की मेणबत्त्यांची आशा, शांती, आनंद, प्रीती ही नावं पुढे जोडली गेली. एखाद्या मंडळीत ती वेगळ्या क्रमाने घेतात म्हणून भांडायची गरज नाही. मी ते भांडण झालेलं पाहिलं आहे, तेही 'शांती'च्या मेणबत्तीवरून.

तपासा:
- पुण्याच्या डिसेंबरातल्या कोरड्या हवेत डहाळ्या आठ दिवसांत कडकडीत वाळतात. दर शनिवारी बदला. आमच्याकडे दुसऱ्या आठवड्याची पानं तिसऱ्या रविवारी पेटली होती. परातीत वाळू होती म्हणून निभावलं.
- वर पंखा, शेजारी पडदा, खाली प्लास्टिकचा टेबलक्लॉथ नको.
- पहिल्या रविवारी एकच पेटवा. फोटोसाठी चारही पेटवू नका, "एकदाच" म्हणूनही नाही. अंधाऱ्या तीन मेणबत्त्या बघत थांबणं हेच त्या आठवड्याचं काम आहे.

## टप्पा ४: कबुली (पहिल्या रविवारच्या आतच)

सगळ्यात जास्त टाळला जातो तो हा टप्पा. लोक तो चौथ्या आठवड्यात ढकलतात, तेव्हा तळण सुरू असतं. आधी करा, म्हणजे पुढचे चार आठवडे मोकळ्या कानांनी ऐकता येतं.

एक कागद आणि अर्धा तास घ्या. ल्यूथरच्या १५२९ च्या लहान कॅटेकिझममधली (विश्वासाची शिकवण प्रश्नोत्तरांत देणाऱ्या पुस्तिकेतली) रीत अशी: दहा आज्ञा समोर ठेवा आणि आपल्या जागेवरून स्वतःकडे पाहा. तुम्ही बाप आहात की आई, मुलगा की मुलगी, मालक की नोकर? त्या जागी आज्ञा मोडली का, आळस केला का, कोणाला शब्दाने किंवा कृतीने दुखवलं का, काही चोरलं, दुर्लक्षलं, बिघडवलं का? 'मी पापी आहे' असं मोघम लिहिणं सोपं असतं, म्हणून ते लिहू नका. 'सुनेच्या माहेरचा विषय निघाला की मी मुद्दाम गप्प होते' असं लिहा. 'बिलात दोनशे रुपये जास्त लावले' असं लिहा. 'आईला डॉक्टरकडे न्यायचं तीनदा पुढे ढकललं' असं लिहा.

यादी पूर्ण झालीच पाहिजे असं नाही. १५३० च्या आउग्सबुर्ग विश्वासपत्राचं, म्हणजे ल्यूथरनांनी आपला विश्वास मांडलेल्या मूळ जाहीरनाम्याचं, अकरावं कलम दोन्ही गोष्टी सांगतं: खाजगी पापक्षमा मंडळीत टिकवावी, पण प्रत्येक पाप मोजून सांगणं आवश्यक नाही. जे मनाला टोचतं तेवढं पुरे. कागद भरत नाही म्हणून पापं शोधत बसलात तर तो दुसराच खेळ सुरू होतो.

मग पाळकांना फोन करून वेळ मागा. "खाजगी कबुली तर कॅथलिकांकडे असते," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्या लहान कॅटेकिझमचं पान उघडूनच दाखवते. कबुलीचे भाग दोन: आपण पाप कबूल करतो, आणि पाळकाकडून क्षमा जणू देवाकडूनच स्वीकारतो. पाळक विचारतात, माझी क्षमा ही देवाची क्षमा आहे असा तुझा विश्वास आहे का? तुम्ही "होय" म्हणायचं. लोक पहिला भाग करून डोळे पुसत निघायला बघतात. थांबा. दुसऱ्या भागासाठीच तर आलात. तिथे जे बोललं जातं ते पाळक बाहेर बोलत नाहीत. आणि कागद घरी येऊन फाडून टाका.

खाजगीत जायचं धाडस होत नसेल तर रविवारच्या सार्वजनिक पापांगीकारात तीच यादी मनात धरून उभे राहा. क्षमा तीच आहे.

राहून गेलेलं माणूस: मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे. यादीत एखादं नाव असेल तर पहिल्या रविवारच्या आत एक फोन करा. सातबाऱ्यावरून बोलणं बंद झालेला चुलतभाऊ असेल, पार्किंगवरून तुटलेला शेजारी असेल. फोनवर हिशेब काढायचे नाहीत, वकिलाकडचं प्रकरण वकिलाकडे राहू द्या. "मी त्या दिवशी जे बोललो ते चुकलं" एवढंच म्हणा. समोरच्याने फोन आपटला तरी तुमच्याकडून फोन झालेला आहे. दुसऱ्यांदा लगेच करू नका.

## टप्पा ५: रोजची प्रार्थना (पहिल्या रविवारपासून)

वेळ ठरवताना घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला विचारा. बहुतेक घरांत ती स्वयंपाक करणारी बाई असते. तिला रात्री साडेदहाला बायबल उघडायला लावण्यापेक्षा जेवणाआधी सात मिनिटं घ्या, आणि त्या सात मिनिटांत गॅस दुसऱ्या कोणीतरी सांभाळा.

लहान कॅटेकिझमची घरगुती घडी पुरेशी आहे: क्रूसाची खूण, प्रेषितांचा विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, हवी तर एक छोटी प्रार्थना. सकाळी त्यानंतर एखादं गीत गात कामाला लागायचं. रात्री लगेच, आनंदाने झोपायचं. 'लगेच' हा शब्द तिथे आहे. प्रार्थनेनंतर तासभर मोबाइल हे ल्यूथरच्या काळात नसलं तरी सूचना लागू होते.

त्यात भर हवी असेल तर हे करून बघा. १५३५ साली ल्यूथरने आपला न्हावी पेटर बेस्केनडॉर्फ याला प्रार्थना कशी करावी ते लिहून दिलं. त्यात तो एकेका आज्ञेची चार पदरी माळ करतो: शिकवण, उपकारस्तुती, कबुली, मागणं. तीच रीत रविवारच्या उताऱ्यावर चालते. पहिल्या रविवारचं वाक्य घेऊ: राजा नम्र होऊन, गाढवावर बसून येत आहे.

पहिला पदर, शिकवण. देव इथे काय सांगतो? राजा येतो, पण घोड्यावरून नाही, घाबरवायला नाही.

दुसरा, उपकारस्तुती. कशाबद्दल आभार? मला त्याच्याकडे चढून जावं लागलं नाही. माझ्या वॉर्डात, माझ्या गल्लीत तो आला.

तिसरा, कबुली. मी कुठे याच्या उलट वागतो? घरात मी गाढवावरून येत नाही. हॉर्न वाजवत येतो.

चौथा, मागणं. प्रभू, आज संध्याकाळी दार उघडताना माझा आवाज खाली ठेव.

एवढंच. चार वाक्यं पुरतात. मध्येच एखाद्या पदराशी मन अडलं तर ल्यूथरचा सल्ला आहे की बाकीचं सोडा आणि तिथेच थांबा, पवित्र आत्मा बोलत असेल तर ऐका. मुलं असतील तर एकेक पदर एकेकाला वाटून द्या. ज्या घरात सासूबाई तेलुगूत आणि सून मराठीत प्रार्थना करते तिथे दोघींनी आपापल्या भाषेतच करावी.

उपास करावा का? चालतो, सक्ती नाही. उपास आणि शरीराची तयारी हे चांगलं बाह्य वळण आहे असं कॅटेकिझममध्ये प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीच्या) भागात म्हटलं आहे, पण खरा लायक तो, ज्याचा "तुमच्यासाठी दिलेले, पापांच्या क्षमेसाठी" या शब्दांवर विश्वास आहे. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जेवण सोडू नका. सोडायचंच तर सिरियल सोडा.

जपून: मार्गशीर्षातले गुरुवार याच सुमारास येतात. शेजारी व्रत असतं, उद्यापन असतं, आणि नकळत आपल्याकडेही "चार रविवार नेमाने केले की मुलाचा व्हिसा होईल" असा सूर लागतो. व्हिसासाठी प्रार्थना जरूर करा, रोज करा. मात्र मेणबत्त्यांना त्या मागण्याचा हप्ता बनवू नका. एक दिवस चुकला तर काही मोडत नाही, पुढच्या दिवशी तिथूनच धरा. राहिलेलं भरून काढायला एका रात्रीत सहा उतारे वाचायचे नाहीत.

## टप्पा ६: योहानाचं ऐकून हात हलवा (दुसरा आणि तिसरा आठवडा)

लूक ३:१०-१४ काढा. लोक योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा. जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायाने कोणाला नाडू नये, पगारात भागवावं. योहान कोणालाच नोकरी सोडायला सांगत नाही. तिथेच, त्याच कामात सरळ वागायला सांगतो.

म्हणून दुसऱ्या शनिवारी कपाट उघडा. स्वेटर, शाली, ब्लँकेट. पुण्यात याच दिवसांत पहाटे थंडी पडते आणि फूटपाथवर झोपणाऱ्याला ती आत्ताच लागते, २५ तारखेनंतर नाही. धुऊन, बटणं लावून द्या. फाटकं पोतेऱ्याला ठेवा. देताना फोटो काढू नका.

दुसरं काम पगाराचं आहे. घरी कामाला येणाऱ्या ताईंचे, वॉचमनचे, दूधवाल्याचे पैसे थकले असतील तर ते या आठवड्यात चुकते करा. नाताळची बक्षिशी त्यावर वेगळी.

## टप्पा ७: मंडळीतली कामं

इथे थोडक्यात लिहिते, कारण प्रत्येक मंडळीची घडी निराळी.

वेदीचं कापड: जांभळं किंवा निळं. उपवासकाळातलं (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतलं) जांभळं असेल तर तेच वापरा, निळ्यासाठी वर्गणी काढू नका. शनिवारी काढून वाऱ्यावर टाका, नाहीतर डांबराच्या गोळ्यांचा वास पहिल्या ओळीपर्यंत येतो. पांढरं २४ तारखेच्या संध्याकाळी.

गायन: 'परमउंचीत देवाला गौरव' हे देवदूतांचं गीत आगमनकाळात वगळायची रीत आहे, ते नाताळच्या रात्री परत येतं. हालेलुया मात्र बंद होत नाही, ते उपवासकाळात होतं. वादकांना आधी सांगून ठेवा. एका रविवारी आमचा सिंथेसायझर सवयीने सुरू झाला आणि निम्मी मंडळी गाऊ लागली, निम्मी पाळकांकडे बघू लागली.

आठवड्यातली संध्याकाळ: मोठा कार्यक्रम नको. एक स्तोत्र, एक वाचन, मरीयेचं गीत (लूक १:४६-५५), प्रार्थना, पाऊण तासात सगळे घरी. जेवण ठेवू नका. ठेवलंत की पुढच्या बुधवारी चर्चा मेनूची होते आणि भगिनी मंडळ स्वयंपाकघरात अडकतं.

वाचक: चारही रविवारांचे वाचक नोव्हेंबरातच ठरवा आणि उतारा घरी मोठ्याने दोनदा वाचून यायला सांगा. यशयातली वाक्यं लांब असतात, ती ऐनवेळी उभं राहून वाचता येत नाहीत.

कॅरल राउंड: इथे माझं मत सगळ्यांना पटत नाही. तरुण संघाला १ तारखेपासून निघायचं असतं, कारण पिंपरीपासून वानवडीपर्यंत घरं पसरली आहेत आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही. अडचण खरी आहे. तरी १७ तारखेच्या आधी निघू नका. त्याआधी भेटी द्या, आजारी सभासदांकडे आगमनकाळाचं एखादं गीत म्हणा, प्रभुभोजन घरी हवं असलेल्यांची नावं पाळकांना कळवा. गिटार आणि सांताची टोपी नंतर.

## टप्पा ८: १७ ते २४ डिसेंबर

आता वेग वाढतो आणि इथेच घडी विस्कटते. त्यामुळे या आठवड्यासाठी उतारे लहान करा. जुन्या मंडळीने १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळींसाठी सात हाका ठेवल्या आहेत. दर दिवशी ख्रिस्ताचं एक नाव, आणि शेवटी "ये". फराळ तळतानाही म्हणता येतात:

१७: हे ज्ञाना (नीतिसूत्रे ८). १८: हे प्रभू, झुडुपातून मोशेशी बोलणाऱ्या (निर्गम ३). १९: हे इशायाच्या मुळा (यशया ११:१०). २०: हे दाविदाच्या किल्ली (यशया २२:२२). २१: हे उगवत्या सूर्या (मलाखी ४:२). २२: हे राष्ट्रांच्या राजा (यिर्मया १०:७). २३: हे इम्मानुएल (यशया ७:१४).

२१ तारखेला मुलांना मुद्दाम सांगा की वर्षातली सगळ्यात मोठी रात्र याच सुमाराची, आणि हाक उगवत्या सूर्याला आहे. माझ्या भाच्याला सातांतली ही एकच लक्षात राहिली.

प्रभूच्या प्रार्थनेतल्या "तुझे राज्य येवो" वर याच आठवड्यात थांबा. कॅटेकिझम म्हणतो, देवाचं राज्य आपण न मागताही येतं. आपण मागतो ते यासाठी की ते आपल्याकडेही यावं. हे वाक्य मी कागदावर लिहून ओव्हनच्या वर चिकटवते. केक फुगला नाही तरी राज्य येतं.

कामांची शेवटची तारीख २२ डिसेंबर धरा. केक भट्टीत भाजायला देणार असाल तर २० च्या आधी द्या, नंतर रांग लागते. करंज्या तळायला घरातले पुरुष आणि मोठी मुलं बसवा. वाकड्या होतील. २३ ला बाजारात जायचं नाही, काय राहिलं ते राहिलं.

२४ तारखेची तपासणी, दुपारी चारच्या आत:
- रीथवरच्या चारही पेटतील एवढ्या उरल्या आहेत का? पहिली बहुधा बुंध्याशी आलेली असते, बदलून ठेवा.
- मधली पांढरी आणि काडेपेटी जागेवर आहे का?
- बायबलमध्ये लूक २ ला खूण घातली का, वाचणार कोण ते ठरलं का? घरातलं सगळ्यात लहान वाचता येणारं मूल उत्तम.
- रात्रीच्या उपासनेनंतर आजी-आजोबांना घरी कोण सोडणार? रिक्षा त्या रात्री मिळत नाहीत.
- फोन केलेल्या त्या माणसाचा उलट फोन आला होता का? आला असेल आणि तुम्ही उचलला नसेल तर आता करा.

रात्री घरी या, चार पेटवा, मग पाचवी. लूक २ वाचा. 'परमउंचीत देवाला गौरव' म्हणा, महिनाभर थांबवून ठेवलेलं. मग लगेच झोपा, सकाळी पुन्हा उपासना आहे.

रीथ ६ जानेवारीपर्यंत ठेवता येते, पण त्या पानांचा भरवसा नसतो, आम्ही २६ ला पानं काढून फक्त मेणबत्त्या ठेवतो. उरलेले मेणाचे तुकडे डब्यात टाका, पुढच्या वर्षी वाळूत रोवायला उपयोगी पडतात. त्या डब्याच्या झाकणावर पुढच्या पहिल्या रविवारची तारीख मार्करने लिहून टाका.